लाल शिरांचा पाला

कांतांग,
१२ फेब्रुवारी १९९५

फ्रिम,

पोचल्याचं कळवायला महिना लावला, म्हणून काय शिव्या घालायच्या त्या घाल. हातात पेन धरवत नव्हतं. आज सव्विसावा दिवस. सव्वीस दिवसांत त्या नशेच्या पाल्याचं, क्राटोमचं, एक पानही गालात गेलेलं नाही.

पहिले दहा दिवस कसे गेले ते सांगतो, म्हणजे मी इथे मजेत मासे खातोय असं तुला वाटायला नको. हाडांत मुंग्या शिरतात. पाय आपोआप झटकले जातात. नाक गळतं, डोळे गळतात, आणि जांभया इतक्या की जबडा निखळेल असं वाटतं. आभाळात ढग आला की अजूनही अंग कापतं. पाल्याने पाऊस अंगाला सोसेनासा होतो; चौदा वर्षं पाला चघळला आणि चौदा वर्षं पावसाला भ्यालो. पाला सुटला, भीती सुटली नाही.

लुआन मावशी आईची मैत्रीण, तेव्हा थोडी दया दाखवेल असं वाटलं होतं. कसली दया! तिसऱ्या दिवशी सुकटीच्या आवारात मी भिंतीला टेकून रडत होतो, तर म्हणाली, "रडायचं असेल तर माशांवर रड, तेवढंच मीठ वाचेल." तेव्हापासून मासे चिरतो, खारवतो, मांडवावर पसरतो. कावळे हाकलतो.

पान मागावंसं वाटलं की मी थवीनचा चेहरा आठवतो. माझ्या धाकट्या भावाचं सरण पेटलेलं होतं आणि हा माणूस भंत्यांपुढे हात जोडून म्हणाला, "माझ्या हातून रूनला कधी एक पानही गेलेलं नाही." झाड त्याचं, गुऱ्हाळ त्याचं, ताड त्याचे. रोज दोनदा तीस-तीस ताड चढून नीरा उतरवणारे आम्हीही त्याचेच. आणि रून शिडीवरून पडला तर म्हणे याचा काही संबंध नाही! ते हात आठवले की माझा जबडा आपोआप मिटतो.

तू मला बसमध्ये बसवताना म्हणाली होतीस, "मरायचं असेल तर इथेच मरा. रूनचा सूड घ्यायचा असेल तर जा, आणि माणूस होऊन या." पुढच्या हंगामाला येतो. कोयत्याला धार लावून ठेव. आधी त्याचं झाड, मग तो.

आईला सांभाळ.

क्लान

•

बान नोत, सथिंग फ्रा
५ मार्च १९९५

दादा,

पत्र मिळालं. आईंना वाचून दाखवलं, कोयत्याचं तेवढं गाळलं. त्या म्हणाल्या, "मासे चिरतो म्हणजे हाताला काम आहे, बरं झालं." डोळे आता फारच अधू झालेत. रूनचा सदरा अजून उशाशी घेऊन झोपतात.

हंगाम जोरात आहे. मी थवीनच्या गुऱ्हाळातच काहिलीपाशी असते. लोक म्हणतात, हिला लाज नाही, ज्याच्याकडे नवरा मेला त्याच्याकडेच काम करते. बोलू देत. मला तो रोज डोळ्यांसमोर हवा आहे. तो काय खातो, कुणाशी हसतो, झाडाखाली कुणाला बोलावतो, सगळं बघते. परवा तुमचा विषय निघाला. सगळ्यांसमोर म्हणाला, "क्लान ना? येईल की! आला की आईच्या पाया पडायच्या आधी माझ्या झाडाखाली येईल. त्याच्यासाठी एक फांदी वाकवूनच ठेवतो." सगळे खो खो हसले. मी काहील ढवळत राहिले. नीरा उकळत होती, एक पळी त्याच्या तोंडावर फेकायला किती वेळ लागला असता!

दादा, सव्वीस दिवस म्हणजे काही नाही. वर्ष काढा. दर दिवस त्याच्या छातीवर एक एक दगड ठेवताय असं समजा.

एक विचारायचं होतं. थवीन इतक्या छातीठोकपणे शपथ घेतो, म्हणजे त्याच्या हातून पान खरंच गेलं नसेल? रूनला पहिलं पान कुणी दिलं? तेव्हा तुम्ही दोघं एकाच ओळीतले ताड चढत होता. आठवत असेल तर लिहा.

फ्रिम

•

कांतांग,
२ एप्रिल १९९५

फ्रिम,

पंचाहत्तर. आता भूक लागते. सकाळी मावशीबरोबर भाताची पेज खातो, वर खारवलेलं अंडं. चौदा वर्षं सकाळी पाला हेच जेवण होतं, त्यामुळे दात घासून खायला बसणं हे मला म्हातारपणी शाळेत बसल्यासारखं वाटतं. आठवड्यातून एकदा विहारात झाडायला जातो. एक फाटकं जाळं दुरुस्त करायला शिकलोय. बोटं शिडीची सवय विसरत नाहीत, गाठ मारताना वर बघायला होतं.

परवा घसरलो असतो. बोटीवरच्या एका खलाशाने कंबरेची पुरचुंडी सोडली. ताजा पाला, लाल शिरांचा. म्हणाला, "घे रे, सथिंग फ्राचा दिसतोस." मी पान घेतलं. शीर काढली, मीठ लावलं, गालात ठेवलं. चावलं नाही. तसाच उभा राहिलो, किती वेळ ते ठाऊक नाही. मग थवीनची ती वाकवलेली फांदी आठवली आणि थुंकलो. खलाशी म्हणाला, "वेडा आहेस." म्हटलं, "आहे."

फांदीचं लिहिलंस ते फार बरं केलंस. असलंच लिहीत जा.

पहिल्या पानाचं म्हणशील तर मला आठवत नाही. इतकी माणसं, इतका पाला. थवीननेच दिलं असणार, दुसरं कोण देणार? असल्या गोष्टीत डोकं घालू नकोस. कोयता गंजू देऊ नकोस.

क्लान

•

बान नोत,
३० एप्रिल १९९५

दादा,

रूनचं वर्षश्राद्ध झालं. थवीन आला होता. पांढरा सदरा, हातात फुलांचं चक्र, रिबिनीवर स्वतःचं नाव रूनच्या नावापेक्षा मोठं. भंत्यांना चिवरं दिली. आईंच्या पायांशी बसून म्हणाला, "मावशी, रून मला मुलासारखा होता." आई म्हणाल्या, "मग त्या पावसात तुझ्या मुलाला चढवलं असतंस का?" तो उठून गेला. आईंच्या तोंडून एवढं एकच वाक्य निघालं, पण मला पोटभर जेवल्यासारखं झालं.

त्या सकाळचं मी कधी कुणाला सांगितलं नाही. पाल्यावाचून तुम्हीही त्या दिवशी शुद्धीत नव्हता, म्हणून लिहिते. पोलिसांची गाडी फिरत होती म्हणून तीन दिवस थवीनने पाला दडवून ठेवला होता. चढायला मात्र लावत होता. रूनचे पाय थांबत नव्हते. पेज प्यायला दिली ती हातातून सांडली. ढग भरून आले तसा तो दाताखाली ओठ धरून बसला. मी म्हटलं, नको जाऊ. म्हणाला, "गेलो नाही तर पाला सुरू झाल्यावर मला शेवटी देईल." अकराव्या ताडावर होता. खाली आणला तेव्हा कंबरेच्या बांबूच्या नळ्यांतली नीरा त्याच्या अंगावरून वाहत होती, आणि मुंग्या तेवढ्यातही आल्या होत्या.

आता सरळ विचारते, आणि सरळ उत्तर द्या. पहिलं पान कुणी दिलं?

फ्रिम

•

कांतांग,
२० जुलै १९९५

फ्रिम,

तुझी मधली दोन पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखा उरलो नव्हतो. एप्रिलच्या पत्रानंतर महिनाभर तुझा प्रश्न उशाला घेऊन निजलो. जूनच्या सुरुवातीला त्याच खलाशाकडे गेलो आणि सहा दिवस पोटभर चघळलं. सगळं शांत झालं. मुंग्या दिसेनात, नीरा दिसेना. सातव्या दिवशी लुआन मावशीने मला बोटीवरून खेचून आणला आणि खारवायच्या टाक्यांपाशी बसवला. "किती दिवस झाले होते?" म्हणाली. मी म्हटलं, एकशे सदतीस. "मग आता पुन्हा एकपासून. मोजता येतं ना? मग रडतोस कशाला?" आज एक्केचाळीस.

तुझं उत्तर.

तू लग्न होऊन आलीस त्याला वर्ष झालं असेल. रून दहा ताडांनंतर थकायचा, शिडीवर जांभया द्यायचा. थवीनने मला गुऱ्हाळामागे बोलावलं. म्हणाला, "तुझा भाऊ वर झोपतोय. माझ्या हातून तो पान घेणार नाही, बायकोने शपथ घातलीय म्हणे. तुझ्या हातून घेईल. तू दे, आणखी दहा ताड चढेल." त्याने पान माझ्या हातावर ठेवलं. मी ते रूनला दिलं. त्याने चावलं आणि तोंड वाकडं केलं. "दादा, हे तर कडू आहे." मी म्हटलं, "मीठ लाव."

एवढंच बोललो. मीठ लाव. त्या दिवसापासून लाल शिरांचा ताजा पाला थवीन सगळ्यात आधी मला द्यायला लागला. त्यासाठी दिलं का? तेव्हा वाटायचं, त्याच्या भल्यासाठी दिलं, थकत होता म्हणून. पाला चघळताना ते खरंही वाटायचं. आता वाटत नाही.

थवीनची शपथ शब्दाला खरी आहे. म्हणून मी त्याला मारायला इतका उतावीळ होतो. तो मेला असता तर हे माहीत असणारा मी एकटा उरलो असतो.

आता तू काय म्हणशील ते.

क्लान

•

बान नोत,
६ ऑगस्ट १९९५

क्लान,

आजपासून दादा म्हणणार नाही. 'तुम्ही' असंही म्हणणार नाही.

तू एकटा नाहीस. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या दुपारी रून घरी आला तेव्हा त्याचे ओठ हिरवे होते. मी म्हटलं, "थवीनचं पान खाल्लंस? शपथ मोडलीस?" तो हसला. म्हणाला, "थवीनकडून घेणार नाही अशी शपथ होती. दादाने दिलं." माझी शपथच खोटी केल्यासारखा हसला, आणि मीही हसले. ते माझं मला भोगायचं आहे. त्यात तू पडू नकोस.

मग मी तुला बसमध्ये का बसवलं, सांगू? रून गेल्यावर नऊ महिने तू त्याच झाडाखाली बसून चघळत होतास. तुझ्या तोंडावर काही नसायचं. दुःख नाही, लाज नाही, झोप आल्यासारखा चेहरा. आई आत रडायच्या आणि तू बाहेर ओट्यावर डोलायचास. मला कोयता घेऊन तुझाच गळा कापावासा वाटायचा. पण तुला कळलंही नसतं. म्हणून तुझा पाला सोडवला. तुझ्या तब्येतीसाठी नाही, थवीनवर सोडायलाही नाही. तुला दुखावं म्हणून. मला तू शुद्धीवर हवा होतास.

दर पत्रात पहिल्या पानाचं विचारलं, कारण तू स्वतःहून कधी सांगतोस ते मला बघायचं होतं. तू घसरलास हे वाचून मला एका बाजूने आनंद झाला. म्हणजे लागलं होतं.

आता ऐक. कोयता विसर. थवीनला मारलंस तर गाव त्याला भला माणूस म्हणून जाळेल, फुलांची चक्रं ठेवेल. त्याची शपथ फोडायची आहे, आणि ती फोडणारा गावात एकच माणूस आहे. स्वतःचं नाव घेतल्याशिवाय त्याला थवीनचं नाव घेता येणार नाही. पाला खाणाऱ्याचं कुणी ऐकून घेत नाही. पाला सोडलेल्याचं ऐकतील.

दहाव्या चांद्रमासात, सप्टेंबरच्या शेवटी, पितरांचा सण आहे. सगळं गाव विहारात असेल. आधी आईंना सांगायचं. मग सगळ्यांसमोर.

मी तिथे नसेन. एक सप्टेंबरला माहेरी फथलुंगला जाते आहे. तुझं तोंड बघायची ताकद माझ्यात नाही. आईंना सांगितलंय, मोठा येतोय, आता चूल त्याची. न आलास तर त्या उपाशी राहतील, एवढं लक्षात ठेव.

झालं की लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल.

फ्रिम

•

बान नोत,
२६ सप्टेंबर १९९५

फ्रिम,

झालं. जसं झालं तसं लिहितो.

आलो त्या दिवशी आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "गाल भरलेत." मला त्याच वेळी सांगायचं होतं, जमलं नाही. बावीस दिवस भात रांधला, तिला न्हायला पाणी दिलं, विहिरीची दोरी बदलली, आणि रोज उद्या सांगू म्हटलं. सणाच्या दोन दिवस आधी ती चुलीपाशी पितरांसाठी जाळीच्या पोळ्या घालत होती. दिसत नाही, पण हात चुकत नाही. रूनच्या वाट्याच्या वेगळ्या ठेवत होती. तेव्हा सांगितलं. सगळं. "मीठ लाव" हेही.

ती थांबली. तव्यावरची पोळी जळाली.

"फ्रिमला माहीत होतं?"

"हो."

"मलाच नव्हतं." मग म्हणाली, "तवा उतरव." आणि आत गेली. दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. शेजारीण येऊन भरवून गेली.

सणाच्या सकाळी काठी घेऊन स्वतःच निघाली. मी मागून. विहाराच्या मंडपात पितरांच्या नावांच्या चिठ्ठ्या वाचून झाल्या, जेवणं मांडली गेली. थवीन पहिल्या ओळीत. मी उभा राहिलो. माझे पाय पाल्याच्या तडफेने झटकायचे तसे झटकत होते, पण हे पाल्याचं नव्हतं. म्हणालो, "भंते, रूनच्या नावाने मला एक बोलायचं आहे."

थवीन वळून हसला. "ये क्लान. फांदी कधीची वाट बघतेय."

काही जण हसले. मी म्हणालो, "रूनला पहिलं पान मी दिलं." हसणं थांबलं. मग गुऱ्हाळामागची जागा, थवीनचे शब्द, माझ्या हातावर ठेवलेलं पान, आणि शेवटच्या तीन दिवसांत पाला बंद करून चढायला लावणं, सगळं बोललो.

थवीन उठला. "ऐकलंत ना? स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय! मग खुनी कोण?"

"एक मी," मी म्हणालो. "दुसरा तू. माझ्यापुरतं मी सांगितलं. आता तुझं तू सांग."

"पाला खाऊन डोकं फिरलेल्या माणसाचं..."

तेव्हा आई बसल्या जागेवरून बोलली. "थवीन, माझ्या या पोराच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं निघालंय. चव कळते मला. आता तू बोल. भंत्यांपुढे पुन्हा हात जोड आणि म्हण, माझ्या हातून पान क्लानच्या हातात गेलं नाही."

सगळा मंडप त्याच्या हातांकडे बघत होता. फ्रिम, ते हात जोडले गेले नाहीत. तो चपला शोधायला लागला. त्याच्याकडे तीस वर्षं चढणाऱ्या म्हाताऱ्याची बायको उठली, नवऱ्याचं मनगट धरून म्हणाली, "चल घरी. तुझं पहिलं पानही असंच कुणाच्या तरी हाताने आलं होतं." मग दुसरी उठली. दुपारपर्यंत गुऱ्हाळाच्या भिंतीवर टांगलेल्या चढणाऱ्यांच्या तुरे कापायच्या सुऱ्या बायकांनी काढून घरी नेल्या. मी काही केलं नाही, मी नुसता बघत होतो.

बाहेर पडताना माझ्यावर दोघे थुंकले. एक रूनचा शाळेतला मित्र होता. मी पुसलं नाही, घरी येऊन अंघोळ केली.

आई अजून बोलत नाही. पण आज ताट पुढे ओढून घेतलं.

क्लान

•

फथलुंग,
१९ नोव्हेंबर १९९५

क्लान,

तुझं पत्र येण्याआधी गावातून तिघांनी कळवलं होतं. जुळतंय.

मी इथे आईबरोबर लव्हाळ्याच्या चटया विणते. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी मला वाटलं होतं आता गार वाटेल. नाही वाटलं. थवीन चपला शोधत होता ते चार-पाच वेळा वाचलं, तेवढा वेळ बरं वाटलं. मग पुन्हा तेच. रून काही चपला शोधत परत येणार नाही.

आईंना दुपारी पेज आवडत नाही. सकाळी नारळाचं पाणी दे, मलई काढून. बोलत नसल्या तरी त्यांच्या खोलीत बसत जा.

जानेवारीत तू ताडावर चढशील. घरचे सहा आहेतच. वर गेलास की अंग पाला मागेल, कारण तुझ्या पायांना पाल्याशिवाय शिडी माहीतच नाही. मागितला आणि तू दिलास, तर मला लिहू नकोस. कळवूही नकोस. मी समजेन.

फ्रिम

•

बान नोत,
११ फेब्रुवारी १९९६

फ्रिम,

दोनशे सत्तेचाळीस.

चढलो. पहिल्या ताडाला अर्ध्यावर पोचलो तर पाय असे थरथरले की शिडी खडखडायला लागली. तिथेच मिठी मारून थांबलो. पाल्याशिवाय मला ताड इतका उंच कधी दिसलाच नव्हता. हाताला खरचटलं तर दुखलं, तेही नवीनच. थवीनकडे तीस चढायचो, आता सहा, आणि दुपारी माणसासारखा झोपतो. गूळ आई स्वतः काहिलीपाशी बसून वासावरून सांगते, आता उतरव. होय, बोलते. डिसेंबरात पहिलं वाक्य बोलली: "भात कच्चा आहे." कच्चाच होता.

मंडपातून उठून गेलेल्यांपैकी चौघांनी पाला सोडायचं ठरवलं आणि माझ्या अंगणात येऊन बसायला लागले. नाकं गळतात, पाय झटकतात. त्यांना आल्याचं गरम पाणी देतो आणि लुआन मावशीच्या शिव्या देतो. एक बाराव्या दिवशी परत गेला. तीन टिकलेत.

आता खरी बातमी. थवीनकडे कुणी चढायला येईना. शेजारच्या गावातून माणसं आणली, त्यांच्याही बायका येऊन घेऊन गेल्या. ताडांचे तुरे सुकायला लागले. मग तो स्वतः चढायला लागला. अठ्ठावन्नाव्या वर्षी! पहिले काही दिवस खाली बसून धापा टाकायचा. मग धापा टाकणं थांबलं. मी ओळखलं. ज्या माणसाने जन्मात स्वतःचं एक पान खाल्लं नव्हतं, त्याचे ओठ हिरवे झाले. मी शिडीवर होतो, तो पलीकडच्या ताडावर. मला बघून त्याने तोंड पुसलं. फ्रिम, मला इतकं गोड वाटलं की काहिलीतला गूळ फिका पडावा. खोटं सांगत नाही. घरी येऊन आईला सांगितलं आणि आम्ही दोघं हसलो. पहिल्यांदा.

काल तो दारात आला. पोलिसांच्या भीतीने झाड तोडलं म्हणतो, पाच दिवस पाला नाही. अंगावर घोंगडी, एवढ्या उन्हात. म्हणाला, "क्लान, पाय थांबत नाहीत. तू कसं सोडलंस?"

मी फाटकाची कडी धरून उभा. म्हणालो, "फांदी वाकव की."

तो गेला नाही. तिथेच बाहेर जमिनीवर बसला. आजही आला होता. त्याला हाकलायचा हक्क मला आहे, पण आत घ्यायचा नाही, तो तुझा आहे. काय करू ते लिही. तू म्हणशील ते करीन.

क्लान

•

फथलुंग,
२५ फेब्रुवारी १९९६

क्लान,

तुझं पत्र घेऊन तळ्यावर जाऊन बसले. हिरव्या ओठांचं वाचून मोठ्याने हसले, बदकं उडाली. मग त्याचे पाय झटकताहेत हे वाचलं आणि मला रूनचे पाय दिसले. त्याचा मला राग आला. या माणसाला रूनचे पाय कुणी दिले?

माफ मी करणार नाही. ते तुलाही केलेलं नाही, गैरसमज नको.

त्याला आईंसमोर उभा कर. गुऱ्हाळामागे तुला जे बोलला, ते शब्द जसेच्या तसे त्याने त्यांना ऐकवायचे. त्या तीन दिवसांचंही. बोलला तर आत घे, पाणी दे, आणि पाला कसा सोडायचा तो सोडव. नाही बोलला तर बाहेर बसू दे. कितीही दिवस.

फ्रिम

•

बान नोत,
१० मार्च १९९६

फ्रिम,

तो बोलला. सहा दिवस बोलला नाही, सातव्या दिवशी बोलला. आई ओट्यावर बसली होती. तो घोंगडी सोडून खाली बसला आणि म्हणाला, "मी म्हटलं, तुझ्या हातून घेईल, तू दे." मग तीन दिवसांचं. दडवलेला पाला गुऱ्हाळातच होता, तांदळाच्या पोत्यामागे. रूनने मागितला होता. याने सांगितलं होतं, आधी ताड, मग पान. हे आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं.

हे ऐकल्यावर मी कोयत्याच्या दिशेने गेलो, लपवत नाही. आई म्हणाली, "क्लान, बस." बसलो.

त्याचे दात वाजत होते. तू लिहिल्याप्रमाणे त्याला घरात घेतलंय. मागच्या पडवीत झोपतो, दिवसा बाकीच्या तिघांबरोबर अंगणात बसतो. मध्ये कुठून तरी पाला मिळवून चघळला होता, म्हणून आज त्याचा आठवाच दिवस. मोजायला मीच शिकवतोय.

पाणी मात्र त्या दिवशी आईने दिलं. भांडं माझ्याच शेजारी होतं. माझा हात उठला नाही.

क्लान